बरा होणाऱ्या हाताचा विमा

उजव्या हाताचं मनगट मोडलं तेव्हा ताईच्या घरी आठ-दहा ब्लाउज कापून पडले होते. अस्तर लावायचं बाकी, हूक-काजं बाकी, दोन-तीन साड्यांना फॉल-पिको करायचं बाकी. लगनसराई तोंडावर आलेली. गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरताना शेवटच्या पायरीवर पाय घसरला, सावरायला हात टेकला आणि सगळा भार मनगटावर आला. सरकारी रुग्णालयात हाड बसवून प्लास्टर घातलं. दाखल व्हायची गरज पडली नाही, खर्चही बेताचाच झाला. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवड्यांनी प्लास्टर निघेल, मग व्यायाम करायचे, तीन-चार महिन्यांत हात पहिल्यासारखा होईल.

पगारदार माणसाने हे ऐकून सुटकेचा श्वास टाकला असता. ताईने विचारलं, "तोवर खायचं काय?"

ताई म्हणजे आमच्या गल्लीत शिवणकाम करणारी. जबलपूरला गोल बाजाराच्या आसपास मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती तेव्हापासूनची. त्यातलंच तिचं एक. तिचे यजमान शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. उन्हाळ्यात शाळा बंद म्हणजे व्हॅनही बंद, आणि नेमक्या त्याच दिवसांत ताईच्या मशीनवर घर चालतं. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत काउंटरवर नोकरी करून निवृत्त झाले. त्यामुळे गल्लीत कुणाचा फॉर्म अडला, पासबुकातली नोंद कळली नाही, की माणसं माझ्याकडे येतात. ताईही आली, डाव्या हातात एक प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत तिची सगळी कागदपत्रं होती: आधार, मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडी, संबल कार्ड, आयुष्मान कार्ड, जनधनचं पासबुक. "काकू, यातल्या कशातून काही मिळेल का?"

मी एकेक कागद टेबलावर मांडला. तिच्याकडे काही नव्हतं असं नाही. गरिबाने जेवढी कार्डं काढून ठेवावीत तेवढी तिने काढली होती.

पासबुकात प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २० रुपये कापल्याची नोंद होती. ही योजना २०१५ च्या मे महिन्यात सुरू झाली तेव्हा हप्ता वर्षाला १२ रुपये होता, १ जून २०२२ पासून तो २० झाला. त्या पहिल्या मे महिन्यात आमच्या काउंटरसमोर लागलेली रांग मला अजून आठवते. १८ ते ७० वयाच्या कुणालाही हा विमा घेता येतो. अपघाती मृत्यू झाला तर २ लाख. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय, किंवा एक डोळा आणि एक हात वा पाय कायमचा गेला तर २ लाख. एक डोळा किंवा एक हात वा पाय कायमचा गेला तर १ लाख. ताईचा हात मोडला होता, गेला नव्हता. काही नाही.

संबल कार्ड म्हणजे मध्य प्रदेश सरकारची मुख्यमंत्री जनकल्याण योजना. २०१८ साली सुरू झाली, २०२२ मध्ये 'संबल २.०' म्हणून नव्याने आली. असंघटित कामगारांसाठी आहे, वय १८ ते ६०, आयकर भरणारा नको, एक हेक्टरपेक्षा जास्त जमीन नको. अपघाती मृत्यूला ४ लाख, साध्या मृत्यूला २ लाख, कायमच्या अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख, अंत्यसंस्काराला ५ हजार. चांगली योजना आहे, तिने आमच्या भागातल्या कित्येक विधवांना खरा आधार दिला आहे. पण इथेही अट तीच: कायमचं.

आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ते पैसे रुग्णालयाला जातात, घरच्या डब्यात पडत नाहीत. त्यासाठी दाखल व्हावं लागतं, आणि ताई दाखल झालीच नव्हती. दाखल झाली असती तरी उपचारांचं बिल भागलं असतं आणि घरी आल्यावर पंधरा दिवसांची औषधं मिळाली असती. वाणसामान, वीजबिल, मुलीच्या कोचिंगची फी, यातलं काहीच त्या कार्डाच्या कक्षेत येत नाही.

मुद्दा एवढाच आहे, आणि तो मी इतकी वर्षं काउंटरच्या आतून बघत आले. आपल्या योजना मरणाला पैसे देतात, कायमच्या अपंगत्वाला देतात, रुग्णालयाला देतात. जो माणूस चार महिन्यांनी बरा होणार आहे, तो मात्र कुणाच्याच हिशेबात बसत नाही. स्वतःच्या हातावर पोट असलेल्या बहुतेकांवर येणारं संकट तर नेमकं याच जातीचं असतं. हात मोडतो, कावीळ होते, डेंग्यू होतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, बाळंतपण अवघड जातं, क्षयाच्या औषधांनी सुरुवातीचे काही आठवडे अंगात त्राण राहत नाही. यातून माणूस उठतो. पण उठेपर्यंत घर बसलेलं असतं.

हे समजायला जबलपूर फार चांगलं गाव आहे, कारण इथे दोन्ही प्रकारचे कष्टकरी एकाच गल्लीत राहतात. १९०४ साली इथे गन कॅरेज फॅक्टरी आली. पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला, १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी आली. रांझी, खमरिया, घमापूर या बाजूची हजारो घरं या कारखान्यांच्या पगारावर उभी राहिली. त्यांच्याच शेजारी भेडाघाटला संगमरवर आणि मऊ दगड कोरणारे कारागीर आहेत, पावसाळ्यात नौकाविहार बंद झाला की हात बांधून बसणारे नावाडी आहेत, बिड्या वळणाऱ्या बायका आहेत, सलवार-सूटच्या धंद्यात नगावर शिवणारे आहेत, ई-रिक्षावाले आहेत, हायकोर्टाबाहेर टायपिंग करणारे आहेत.

ताईच्या घरापासून चार घरं सोडून कारखान्यात कामाला असलेले एक गृहस्थ राहतात. त्याच वर्षी त्यांचा पाय मोडला. वैद्यकीय प्रमाणपत्र दिलं, शिल्लक रजा खर्ची घातली, महिन्याच्या महिन्याला खात्यात पगार आला. सरकारी नोकराला वर्षाला २० दिवसांची अर्धपगारी रजा जमा होते आणि आजारपणात ती निम्म्या दिवसांची पूर्णपगारी करून घेता येते. घरात काळजी होती ती फक्त त्यांच्या पायाची. मला त्यांचा हेवा वाटला नाही. असंच असायला हवं, आजारी माणसाच्या घरात काळजी फक्त आजाराचीच असावी.

ही सोय आभाळातून पडलेली नाही. खाजगी कारखान्यांतल्या कामगारांसाठी ती कशी आली हे मराठी माणसाने तरी विसरू नये. १९४३ साली सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायचं काम दिलं. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९४४ मध्ये आडारकरांनी अहवाल दिला, त्याच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. आज ज्या कामगाराचा पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे तो तिच्यात येतो. त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे १० हजार पगारावर कामगाराचे ७५ रुपये आणि मालकाचे ३२५. एवढ्यात त्याला आणि कुटुंबाला औषधपाणी मिळतं, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रोख मिळते, आणि कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत ९० टक्के.

हे आकडे मी ताईला वाचून दाखवले नाहीत. वाचून उपयोग काय होता? तिला मालक नाही. सव्वातीन टक्के भरणारं कुणी नाही, म्हणून पाऊण टक्का भरायची तयारी असूनही तिला दार बंद.

बरं, ही उणीव कुणाच्या लक्षात आली नव्हती असंही नाही. २००३ साली वाजपेयी सरकारने सार्वत्रिक आरोग्य विमा योजना आणली. एकट्या माणसाला रोजचा १ रुपया, म्हणजे वर्षाला ३६५ रुपये हप्ता. त्यात रुग्णालयाच्या खर्चाबरोबर एक छोटं कलम होतं: घरचा कमावता माणूस दाखल असेल तर बुडालेल्या कमाईपोटी दिवसाला ५० रुपये, जास्तीत जास्त १५ दिवस. रक्कम तेव्हाही तुटपुंजीच होती. पण बुडालेला रोज हेही नुकसान आहे, हे एका सरकारी योजनेने तरी कागदावर मान्य केलं होतं. पुढे अर्जुन सेनगुप्ता यांच्या आयोगाने २००६ मध्ये असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेवर अहवाल दिला आणि आजारपणातल्या रोजभत्त्याची शिफारस केली. २००८ मध्ये असंघटित कामगारांचा कायदा झाला, त्याच वर्षी ३० हजारांच्या उपचारांची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू झाली, पण तिच्यात तो रोजभत्ता राहिला नाही. २०१८ च्या आयुष्मानमध्ये उपचारांची रक्कम ३० हजारांवरून थेट ५ लाखांवर गेली. रोजभत्ता तिथेही नाही. रुग्णालयाचं बिल फुगत जाताना सगळ्यांना दिसतं. घरातला रिकामा डबा दिसत नाही.

ताईची गोष्ट पुढे सांगते, कारण हाताचं बरं होणं म्हणजे काय ते लांबून कळत नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट काठीसारखं ताठ झालं होतं. शिवणकामात मशीन पायावर चालतं आणि कापड सरकवायला डावा हात पुरतो, तेव्हा शिवता तर येईल, असं तिच्या घरच्यांना वाटलं. पण खरं काम कात्रीचं असतं. शिंप्याची कात्री जड, लोखंडी. तिच्या कडीत अंगठा घालून अस्तरासकट चार पदरी कापड एका दमात कापावं लागतं, मध्ये थांबलं की गळ्याची गोलाई बिघडते. ताईचा अंगठा कडीत जायचा, कात्री उघडायची, पण मिटताना मनगटातून कोपरापर्यंत कळ जायची. हूक लावायला सुई धरली की दोन टाक्यांनंतर बोटं सुटायची. संध्याकाळी ती गरम पाण्यात हात बुडवून रबरी चेंडू दाबत बसायची आणि समोर मशीनवर चादर घातलेली असायची.

गिऱ्हाइकांचं काय झालं? काही बायकांनी कापलेले तुकडे परत नेले. आगाऊ घेतलेले पैसे तिने ज्याचे त्याला परत केले, एकीलाही तिष्ठत ठेवलं नाही. दोघी-तिघी थांबल्या. बाकीच्या दुसरीकडे गेल्या, आणि ज्यांचं माप दुसरीकडे नीट बसलं त्या परत आल्या नाहीत. नोकरदार बरा झाला की त्याची खुर्ची तिथेच असते. स्वतःचा धंदा करणाऱ्याला आजारपणात कमाईबरोबर गिऱ्हाईकही गमवावं लागतं, आणि त्याची भरपाई जगातली कुठलीच पॉलिसी देत नाही.

शिवाय कर्ज होतं. इंटरलॉकचं मशीन घ्यायला तिने बायकांच्या गटातून एका मायक्रोफायनान्स कंपनीचं कर्ज काढलं होतं. हप्ता चुकला तशी वसुलीची माणसं सकाळी लवकर दारात येऊ लागली, शेजारणींना बोल लावू लागली. इथे मात्र मला काही करता आलं. रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२२ पासूनचे नियम स्पष्ट आहेत: सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, दमदाटी करायची नाही, कर्जदाराच्या नातेवाईकांना किंवा मित्रमंडळींना त्रास द्यायचा नाही. शिवाय ज्याला फेडायला खरोखर अडचण आली आहे अशा कर्जदाराला ओळखून मार्ग सुचवण्याची व्यवस्था कंपनीकडे असली पाहिजे. आम्ही डॉक्टरांच्या कागदाची प्रत जोडून एक अर्ज लिहिला, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवला, पोच घेतली. हप्ते पुढे ढकलून मिळाले. व्याज सुटलं नाही, पण सकाळची दारावरची थाप थांबली.

बँकेच्या कर्जाबाबतही हेच. हप्ता ९० दिवस थकला की खातं बुडीत वर्गात जातं आणि मग पुढची कित्येक वर्षं कर्ज मिळणं अवघड होतं. आमच्याकडे लोक यायचे ते ९० दिवस उलटून गेल्यावर, नोटीस हातात घेऊन, मान खाली घालून. तेव्हा शाखेच्या हातात फार थोडं उरतं. आजारी पडलात की पहिल्याच महिन्यात कागद घेऊन शाखेत जा, हप्त्यांची फेरमांडणी मागा. मागण्यात कमीपणा नाही.

जनधन खात्याबद्दल दोन गोष्टी फार कमी जणांना माहीत असतात. एक, खातं नीट चालवलेलं असेल तर १० हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो, त्यातल्या २ हजारांना फारशा अटी नसतात. दुसरी, त्या खात्याच्या रुपे कार्डावर अपघात विमा असतो, २८ ऑगस्ट २०१८ नंतरच्या खात्यांना २ लाखांचा, आधीच्यांना १ लाखाचा. पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत ते कार्ड निदान एकदा वापरलेलं असावं लागतं. कपाटातल्या डब्यात जपून ठेवलेलं कार्ड विम्याच्या दृष्टीने मेलेलं असतं. तसंच २० रुपयांच्या विम्याचं. तो १ जून ते ३१ मे असा चालतो आणि हप्ता मे अखेरीस खात्यातून आपोआप जातो. त्या दिवशी खात्यात १२ रुपये असले तर विमा संपला, आणि हे कुणी घरी येऊन सांगत नाही.

मग बऱ्या होणाऱ्या हाताला कुठेच काही नाही का? बाजारात आहे, विकत घ्यावं लागतं. विमा नियामकाच्या आदेशाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांकडे 'सरल सुरक्षा विमा' नावाची एकसारख्या अटींची अपघात पॉलिसी असते. अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. मूळ पॉलिसीत मृत्यू आणि कायमचं अपंगत्व येतं. त्याला थोडा जास्तीचा हप्ता भरून तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचं कलम जोडता येतं. म्हणजे अपघाताने काही काळ काहीच काम करता येत नसेल तर विम्याच्या रकमेच्या ०.२ टक्के दर आठवड्याला, जास्तीत जास्त १०० आठवडे. १० लाखांच्या पॉलिसीवर आठवड्याला २ हजार. ताईकडे ही पॉलिसी असती तर महिन्याचं वाणसामान, वीज आणि कोचिंगची फी निघाली असती. एजंट हे जादा कलम आपणहून दाखवतोच असं नाही. नाव घेऊन मागा. आणि हे फक्त अपघातासाठी आहे, कावीळ-टायफॉइडला लागू नाही, हेही ध्यानात ठेवा. आजारासाठी दाखल झाल्यावर दिवसाला ठराविक रोख देणाऱ्या पॉलिसी मिळतात, पण घरी अंथरुणावर काढलेले दिवस त्यात मोजले जात नाहीत.

बुडालेल्या कमाईची पूर्ण भाषा बोलणारी एकच जागा मला माहीत आहे: मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. दुसऱ्याच्या वाहनाने धडक दिली असेल तर उपचारांच्या काळात बुडालेली कमाई मागता येते. प्रणय सेठी खटल्यात ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मृत्यूच्या दाव्यांत असंही ठरवलं की स्वतःचा धंदा करणाऱ्याचीही कमाई पुढे वाढली असती असं धरायचं: वय ४० च्या आत असेल तर ४० टक्के, ४० ते ५० असेल तर २५ टक्के, ५० ते ६० असेल तर १० टक्के. हातावर पोट असणाऱ्यालाही उद्या असतो, हे तिथे मान्य झालं. कायद्याने दावा अपघातापासून ६ महिन्यांत दाखल करायचा असतो. धडक देणारा पळून गेला आणि सापडलाच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून गंभीर इजेला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख मिळतात, त्याचा अर्ज तहसील-उपविभागाच्या अधिकाऱ्याकडे जातो.

पण तिथे पहिला प्रश्न येतो तो कमाईच्या पुराव्याचा. ताईची मापाची वही मी पाहिली. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान, वर नाव, खाली छाती-कंबर-बाहीची मापं, कोपऱ्यात टाचणीने लावलेला कापडाचा तुकडा, शेजारी ठरलेली शिलाई आणि मिळालेले पैसे. तारीख मात्र कुठेच नाही. एवढी सुबक वही, आणि न्यायालयात ती कमाईचा पुरावा म्हणून लंगडी पडली असती. पुरावा नसला की न्यायाधिकरण बहुधा किमान वेतनाच्या आसपासचा आकडा धरतं, मग तुम्ही प्रत्यक्षात कितीही कमावत असा. म्हणून रोज तारीख घाला. शक्य तेवढे पैसे खात्यात किंवा यूपीआयवर घ्या. कर लागत नसला तरी आयकर विवरणपत्र भरता येतं, ते भरा.

ताईला शेवटी तारलं ते तिच्या भिशीने. आमच्याकडे तिला 'बीसी' म्हणतात. वीसेक बायका महिन्याला ठराविक रक्कम घालतात आणि चिठ्ठी निघेल तिला ती उचल मिळते. ताईची चिठ्ठी निघायची होती. बायकांनी बसून ठरवलं की या महिन्याची उचल चिठ्ठी न काढता तिला द्यायची. दोघींनी कुरकुर केली, एकीच्या घरी मुलीचं लग्न होतं, तिची कुरकुर रास्तच होती. तरी सगळ्यांनी मानलं. पण ही मदत नव्हे, ही उसनवारी. पुढचे हप्ते ताईला भरायचेच होते आणि ती अजून भरते आहे.

याच्या जवळ जाणारी पण एक पाऊल पुढची रीत नेदरलँड्समध्ये आहे. तिथे स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठीचा सक्तीचा सरकारी अपंगत्व विमा २००४ साली बंद झाला आणि खाजगी विमा अनेकांना परवडेना. २००६ पासून तिथले सुतार, रंगारी, फोटोग्राफर असे लोक २० ते ५० जणांचे गट करू लागले. त्याला ते भाकरीचा निधी म्हणतात. प्रत्येक जण महिन्याला आपापल्या खात्यात पैसे साठवतो, आणि गटातला एखादा दीर्घ आजारी पडला की बाकीचे सगळे त्याला दरमहा थोडी थोडी रक्कम देणगी म्हणून देतात, जास्तीत जास्त दोन वर्षं. परत करायची नाही. गट मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे सगळे एकमेकांना ओळखतात आणि खोटं आजारपण चालत नाही. आपल्या देशातही 'सेवा' या संस्थेने १९९२ पासून कष्टकरी बायकांसाठी स्वतःचा विमा चालवला आहे. आमच्या बीसीच्या बायकांपुढे मी हे मांडलं आहे: महिन्याच्या हप्त्यात थोडे जास्त घालून दुखण्याखुपण्याचं वेगळं खातं बँकेत उघडायचं, नियम लिहून काढायचे, किती दिवसांच्या आजाराला किती द्यायचं ते आधीच ठरवायचं. बोलणी चालू आहेत.

पण वीस बायकांच्या पिशवीवर सगळा देश सोपवता येत नाही. मध्य प्रदेशातले कोरोनाचे पहिले रुग्ण २० मार्च २०२० रोजी जबलपूरलाच सापडले, आणि नंतरच्या टाळेबंदीत सगळ्या गल्लीचेच हात एकदम बांधले गेले. अशा वेळी बीसी कुणाला उचल देणार? तेव्हा १ जूनला फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना आली, १० हजारांची. पुष्कळांना तिचा उपयोग झाला. पण ते कर्ज होतं. बंद पडलेल्या माणसाला कर्ज देणं आणि त्याची बुडालेली कमाई भरून देणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या ४५ व्या कलमात म्हटलं आहे की केंद्र सरकार कर्मचारी राज्य विमा महामंडळाशी विचारविनिमय करून असंघटित कामगार, गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार यांच्यासाठी महामंडळाचे लाभ देणारी योजना करू शकेल. संहितेच्या व्याख्येत स्वयंरोजगार करणाराही असंघटित कामगारच आहे. म्हणजे ताईला ९१ दिवसांचा आजारभत्ता देण्याची वाट कायद्यात आखलेली आहे. 'करू शकेल' असं लिहिलं आहे, 'करील' असं नाही. मुदत नाही. ई-श्रम पोर्टलवर ३० कोटींहून जास्त असंघटित कामगारांची नोंद झालेली आहे, म्हणजे यादी नाही ही सबबही उरलेली नाही. मालकाचे सव्वातीन टक्के कोण भरणार, हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सरकारने द्यायचं आहे.

वाचणाऱ्यांत कुणी शिवणकाम, रिक्षा, केस कापणं, इस्त्री, शिकवण्या, पौरोहित्य, वायरिंग यावर घर चालवत असेल, तर या महिन्यात एवढं करा: २० रुपयांचा विमा चालू आहे का ते पासबुकात बघा, रुपे कार्ड एकदा वापरा, मध्य प्रदेशात असाल तर संबलची नोंदणी आताच करा, कारण अपघातानंतर केलेली नोंदणी कामाला येत नाही. आणि आपल्या खासदाराला एक पत्र लिहा. त्यात दुसरं काही मागू नका, एवढंच मागा: कलम ४५ खाली आजारपणाच्या रोजभत्त्याची योजना करा, आमचा पाऊण टक्का भरायला आम्ही तयार आहोत.